प्रयोगशाळेतून वर्गाकडे
(नवी मुंबईतील शिक्षक व पालकांसमोर झालेल्या भाषणाचा शब्दांकित भाग)



वाशीहून निघालेली लोकल खाडीपुलावर आली की डाव्या हाताला ट्रॉम्बेची टेकडी दिसू लागते. टेकडीच्या पलीकडे भाभा अणुसंशोधन केंद्र आहे. पुलाच्या अलीकडे, या आपल्या नगरात, खारघरला कर्करोगावर संशोधन करणारे ‘अ‍ॅक्ट्रेक’ आहे आणि नवीन पनवेलला भारतीय भूचुंबकत्व संस्था आहे. सिडकोची स्थापना 1970 साली झाली. त्यानंतर भातशेती आणि मिठागरांच्या जागी जे नगर उभे राहिले, त्यात कारखान्यांच्या पाळ्या करणारे आले, व्यापारी आले आणि प्रयोगशाळेत आयुष्य घालवणारे शास्त्रज्ञही आले. नेरूळच्या किंवा बेलापूरच्या एखाद्या सोसायटीत एका मजल्यावर दोन डॉक्टरेट निघाव्यात, यात नवल राहिलेले नाही. त्याच सोसायटीतील मुलांना विज्ञान शिकवणारे कोण आहेत, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही.

अशाच एखाद्या घरातील तरुणाचे चित्र डोळ्यापुढे आणावे. वय तीस-एकतीस. प्रबंध पूर्ण होत आला आहे किंवा नुकताच झाला आहे. दोन शोधनिबंध प्रसिद्ध झाले आहेत. पुढची वाट सरळ आहे. एक-दोन वर्षे परदेशात संशोधन, मग परत येऊन कायमस्वरूपी जागेसाठी अर्ज, मग प्रतीक्षा. असा तरुण एके दिवशी जेवताना घरात सांगतो, की त्याला शाळेत शिकवायचे आहे. विद्यापीठात किंवा महाविद्यालयात नव्हे, शाळेत. आठवी-नववीच्या मुलांना.

घरात काय होते, हे सांगण्याची आवश्यकता नाही. आई ताटावरून उठत नाही, पण तिचा हात थांबतो. वडील नोकरीतून निवृत्त झालेले असतात, ते काही वेळाने एवढेच म्हणतात, “अरे, मग इतकी वर्षे कशाला घालवलीस?” या उद्गारात तुच्छता नसते. एका पिढीने खस्ता खाऊन जे शिखर मुलाला दाखवले, तेथे पोचण्याच्या सुमारास तो वळतो आहे, याची ती वेदना असते. तिची थट्टा करू नये, आणि तिला ‘ध्येयवादा’ची चार वाक्ये ऐकवून गप्पही बसवू नये. वडिलांचा प्रश्न खरा आहे आणि त्याला खरेच उत्तर दिले पाहिजे.

व्यवहाराचे आकडे आधी पाहावेत. 1 जानेवारी 2023 पासून केंद्र शासनाच्या कनिष्ठ संशोधन छात्रवृत्तीची रक्कम दरमहा 37,000 रुपये झाली, वरिष्ठ छात्रवृत्तीची 42,000. प्रबंधानंतरच्या सहयोगी संशोधकाला 58,000 पासून पुढे मिळतात. घरभाडे भत्ता निराळा. त्याच वर्षी महाराष्ट्र शासनाने शिक्षण सेवकाचे मानधन वाढवले. माध्यमिक शाळेसाठी ते आठ हजारांवरून 18,000 रुपये झाले. अनुदानित शाळेत रुजू होणाऱ्याला आरंभीची तीन वर्षे या मानधनावर काढावी लागतात. म्हणजे ज्याने विद्यार्थी म्हणून 42,000 घेतले, त्याने शिक्षक म्हणून 18,000 घ्यायचे. राष्ट्राचे भवितव्य वर्गात घडते, असे व्यासपीठावरून म्हणणाऱ्या समाजाने त्या भवितव्याचे केलेले हे मोल आहे. येथे दोष एका सरकारला किंवा एका पक्षाला देऊन सुटका होणार नाही. वर्षानुवर्षे सर्वांनीच हे चालू दिले आहे.

असा निर्णय महाराष्ट्राला अगदी अपरिचित मात्र नाही. 1 जानेवारी 1880 रोजी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाले. विष्णुशास्त्री चिपळूणकर सरकारी शाळेतील नोकरी सोडून आले होते. टिळकांच्या हाती गणिताची पदवी होती आणि वकिलीची परीक्षाही ते उत्तीर्ण झाले होते. सनद घेऊन न्यायालयात उभे राहायचे, त्या वयात ते मुलांपुढे फळ्याशी उभे राहिले. पुढे लोकमान्य म्हणून त्यांनी जे केले ते सर्वांना ठाऊक असते, पण त्या जीवनाचा आरंभ शाळामास्तरकीने झाला, याचा विसर पडतो.

हे उदाहरण जुने झाले, तेव्हा प्रयोगशाळा कोठे होत्या, असे कोणी म्हणेल. मग खाडीपलीकडचे उदाहरण घ्यावे. मानखुर्द स्थानकापासून थोड्या अंतरावर होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेने 1974 साली ते स्थापन केले. त्याचे संस्थापक संचालक प्रा. व्ही. जी. कुलकर्णी हे त्याच संस्थेतील भौतिकशास्त्रज्ञ. कुलाब्याला समुद्राकाठी असलेली देशातील अत्यंत प्रतिष्ठित संशोधन संस्था सोडून त्यांचे काम सुरू झाले ते नाना चौकातील महापालिका शाळेच्या इमारतीत. मूलभूत संशोधनाच्या जगातून माणूस थेट सातवी-आठवीच्या बाकांपाशी आला. आरंभीच्या काळात या केंद्राने जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसरात ग्रामीण शिक्षकांबरोबर काम केले. नंतर मुंबई महापालिकेच्या शाळांतील अनुसूचित जातींची मुले निवडून त्यांना आठवीपासून दहावीपर्यंत सतत मार्गदर्शन दिले. या मुलांत कुवत नाही, असे मानणारे तेव्हा पुष्कळ होते, आणि आजही त्यांची संख्या शून्य झालेली नाही. मुलांनी आपल्या कामगिरीने तो समज खोडून काढला.

या कार्यात एक गोष्ट अशी हाती आली, की ती येथे बसलेल्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावी. विज्ञानाच्या पुस्तकात मूल अडखळत होते ते बहुतेक वेळा विज्ञानापाशी नव्हे, तर भाषेपाशी. वाक्य इतके लांब आणि शब्द इतके जड, की संकल्पनेच्या दारापर्यंत पोचण्याआधीच मूल थकून जाई. तोच आशय सोप्या मराठीत मांडून दिला तेव्हा मुलांची समज वाढलेली दिसली. भौतिकशास्त्रज्ञाने शाळेत जाऊन लावलेला हा शोध आहे आणि तो लावायला संशोधकाचीच दृष्टी लागली. मुलाला उत्तर येत नाही, यावर सामान्य माणूस ‘मूल मठ्ठ आहे’ म्हणून थांबतो. संशोधक विचारतो, नेमके कोणत्या पायरीवर येत नाही? स्वभाषेचा अभिमान बाळगणाऱ्यांनी या ठिकाणी थोडे आत्मपरीक्षण करावे. स्वभाषेत शिक्षण हवे, हा आग्रह योग्यच आहे. पण स्वभाषा म्हणून मुलापुढे जर न कळणारे संस्कृत समास ठेवले, तर त्याला ती भाषा इंग्रजीइतकीच परकी वाटणार. पारिभाषिक शब्द घडवणे आणि तो मुलाच्या गळी उतरवणे ही दोन निरनिराळी कामे आहेत. दुसरे काम शिक्षकाचे.

त्याच टाटा संस्थेतील डॉ. भालचंद्र उदगावकर यांनी वेगळी वाट धरली. ते सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ. त्यांनी संशोधन सोडले नाही. संशोधन करीत असतानाच मुंबईच्या शाळांतील विज्ञान शिक्षण सुधारण्यासाठी ते झटले आणि 1966 मध्ये स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेचे अध्यक्षपद त्यांनी बराच काळ सांभाळले. म्हणजे राजीनामा हा एकच मार्ग नव्हे. ज्याची प्रतिभा खरोखर अभ्यासिकेत फुलते, त्याने तेथेच राहावे आणि आठवड्यातील काही तास शाळेला द्यावेत. देशाला अव्वल दर्जाचे संशोधक हवेतच. उत्तम संशोधक गमावून मध्यम शिक्षक मिळवणे हा देशहिताचा व्यवहार नाही.

तिसरे उदाहरण डॉ. अनिल सद्गोपाल यांचे. अमेरिकेतील कॅलटेकमधून जीवविज्ञानाची डॉक्टरेट घेऊन ते टाटा संस्थेत आले आणि 1971 साली तेथून राजीनामा देऊन मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात गेले. ‘किशोर भारती’ उभी राहिली. 1972 मध्ये सोळा उच्च प्राथमिक शाळांत, मुलांनी स्वतः प्रयोग करून शिकायचे, असा विज्ञान शिक्षणाचा उपक्रम सुरू झाला. पुढे तो शेकडो शाळांत पोचला आणि 2002 साली राज्य शासनाने बंद केला. सद्गोपाल यांचे राजकीय व सामाजिक विचार या पृष्ठांच्या वाचकांना पटणारे नाहीत, हे उघड आहे. परंतु तीस वर्षे चाललेल्या उपक्रमात खेड्यातील मुलांच्या हाती भिंग आणि चिमटा आला, हे काम विचारांच्या भिंतीपलीकडून पाहण्याइतके मोठे मन ठेवले पाहिजे. आणि त्या उपक्रमाच्या शेवटातून एक कठोर धडाही घ्यावा. शासनाच्या एका निर्णयावर टिकलेले काम शासनाच्या एका निर्णयाने संपते.

स्वयंसेवकांना येथे रज्जूभय्यांचे स्मरण होईल. प्रा. राजेंद्रसिंह अलाहाबाद विद्यापीठात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक होते, विभागप्रमुखही झाले. साठच्या दशकाच्या मध्यास त्यांनी ते पद सोडले आणि पूर्ण वेळ संघकार्याला दिला. 1994 मध्ये ते सरसंघचालक झाले. त्यांचा मार्ग प्रचारकाचा होता, शाळेचा नव्हे, त्यामुळे तुलना फार ताणू नये. तरी एक साम्य लक्षात घेण्यासारखे आहे. ते पदावर असताना कामात कमी पडले म्हणून बाहेर आले नाहीत. आधी हाती घेतलेले काम उत्तम केले, आणि मग सोडले.

मूळ प्रश्न येथेच येतो. आपला तरुण शाळेकडे जातो आहे, की प्रयोगशाळेतून पळतो आहे? मार्गदर्शकाशी पटत नाही, प्रयोग दोन वर्षे फसतो आहे, बरोबरीचे मित्र पुढे गेले, जागा निघत नाहीत. या सर्व गोष्टी खऱ्या असतात आणि माणसाला पोखरतात. अशा दिवसांत शाळा फार रम्य दिसते. निरागस मुले, खडूचा वास, ‘सर, सर’ म्हणून भोवती जमणारा घोळका. जो या चित्राकडे पळतो, तो पहिल्याच वर्षी दुसरीकडे पळायची वाट शोधू लागतो. कारण वर्गातही प्रयोग फसतात, आणि रोज फसतात. पस्तीस-चाळीस मिनिटांची तासिका, समोर पन्नास-साठ मुले, त्यांतील दहा काल रात्री नीट झोपलेली नाहीत, पाच घरून उपाशी आली आहेत. शिवाय निवडणूक आणि जनगणनेची कामे कायद्यानेच शिक्षकाच्या गळ्यात आहेत. म्हणून प्रबंध अर्धवट टाकून शाळेत जाऊ नये. तो पूर्ण करावा. पदवीच्या मिरवणुकीसाठी नव्हे, तर आपण हरून आलो नाही, एवढे स्वतःला ठाऊक असावे म्हणून.

जो खरोखर शाळेकडे जातो, त्याच्याजवळ देण्यासारखे काय असते? माहिती तर हल्ली कोणाच्याही हातातील मोबाइलमध्ये आहे. संशोधकाजवळ असते ती एखादी गोष्ट खरी कशी ठरते हे पाहण्याची सवय. नवीन पनवेलच्या भूचुंबकत्व संस्थेचेच पाहावे. या संस्थेची परंपरा कुलाब्याच्या वेधशाळेपर्यंत मागे जाते. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्रामगाड्या येणार असे ठरले. ट्रामच्या विद्युत्प्रवाहामुळे कुलाब्याची संवेदनशील चुंबकमापके बिघडलेली नोंद देणार, हे उघड होते. तेव्हा नानाभाई मूस यांच्या कारकिर्दीत 1904 साली समुद्रापलीकडे अलिबागला नवी वेधशाळा उभारली गेली आणि काही काळ दोन्ही ठिकाणची मापने एकाच वेळी घेण्यात आली, जेणेकरून जुन्या व नव्या नोंदींची सांगड बसावी. अलिबागला आजही नोंदी चालू आहेत.

ही हकिकत पुस्तकातील ‘चुंबकत्व’ या धड्याच्या तासाला सांगावी, मग मुलांच्या हाती एक साधे होकायंत्र द्यावे आणि ते बॅटरीला जोडलेल्या तारेजवळ न्यायला सांगावे. सुई हलते. साठ डोकी पुढे झुकतात. मग विचारावे, मुंबईत ट्राम आली तर पृथ्वीचे चुंबकत्व बदलले का? कोणी हो म्हणते, कोणी नाही. भांडण सुरू होते. मोजणारे उपकरण बिघडणे आणि मोजली जाणारी वस्तू बदलणे यांतील भेद तेरा वर्षांच्या मुलाला त्या भांडणातून कळतो. कितीतरी पदवीधरांना तो शेवटपर्यंत कळत नाही.

किंवा मुलांना खाडीवर न्यावे. ठाणे खाडीचा फ्लेमिंगो अभयारण्याचा भाग 2015 साली घोषित झाला आणि 2022 साली खाडीला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. वाशी-ऐरोलीची मुले मात्र हे गुलाबी पक्षी बहुधा गाडीच्या काचेतून पाहतात. काठावरच्या तिवरांच्या चिखलातून पेन्सिलींसारखी वर आलेली मुळे दाखवावीत आणि विचारावे, मुळे खाली जायची ती वर का आली? चिखलात हवा नसते, म्हणून ही मुळे श्वास घ्यायला बाहेर येतात, हे उत्तर लगेच सांगून टाकू नये. संशोधक शिक्षकाची मोठी चूक येथेच होते. त्याला फार येत असते आणि सगळे सांगण्याची घाई असते. पहिल्या तासाला तो तिवरांचे पूर्ण जीवनचक्र सांगून मोकळा होतो, मुले वहीत उतरवतात आणि विसरतात. प्रयोगशाळेत ज्याने एका उत्तरासाठी चार वर्षे वाट पाहिली, त्याला वर्गात चार मिनिटे थांबवत नाही, ही गंमतच म्हणायची.

या विषयात स्त्रियांचा उल्लेख निराळा करावा लागतो. संशोधनातील कित्येक मुली अपत्यजन्मानंतर शाळेकडे वळतात. शाळेच्या वेळा मुलांच्या वेळांशी जुळतात, हे त्यामागचे साधे कारण असते. त्याला कोणी ‘तडजोड’ म्हणतात. म्हणू द्यावे. पण घरच्यांनी एवढे स्वतःला विचारावे, की ही निवड तिची होती, की घरातील कोणीच आपल्या वेळा बदलायला तयार नव्हते म्हणून तिच्या वाट्याला आली? पहिल्या प्रकारात समाजाला एक समाधानी शिक्षिका मिळते. दुसऱ्या प्रकारात घरात एक अबोल खंत राहायला येते, आणि तिची झळ पुढे वर्गालाही लागते.

आता नियमांचे थोडक्यात. डॉक्टरेट असली तरी माध्यमिक शाळेसाठी बी.एड. आवश्यक आहे, आणि 2015 पासून तो अभ्यासक्रम दोन वर्षांचा झाला. सहावी ते आठवीसाठी शिक्षक पात्रता परीक्षा द्यावी लागते. अनेक संशोधकांना हे अपमानास्पद वाटते. ज्याने परदेशी नियतकालिकांत लिहिले, त्याने पाठ टाचण कसे काढावे हे शिकायचे? शिकावे. रेणू हाताळायला आठ वर्षे शिकणाऱ्याला मूल हाताळायला दोन वर्षे जास्त वाटू नयेत. बी.एड. महाविद्यालयांचा दर्जा काय, हा प्रश्न अर्थातच उरतो, आणि त्याचे समाधानकारक उत्तर सर्व ठिकाणी मिळत नाही.

संस्थाचालकांनीही या प्रसंगी आरसा पाहावा. आपल्या विचाराच्या संस्था देशात थोड्या नाहीत. 1952 साली गोरखपूरला पहिले सरस्वती शिशु मंदिर निघाले, 1977 मध्ये विद्या भारतीची रचना झाली. पुण्यात 1962 साली आप्पा पेंडसे यांनी ज्ञान प्रबोधिनी स्थापन केली. मोठी परंपरा आहे. पण उद्या एखादा संशोधक एखाद्या शाळेच्या दारात उभा राहिला, तर तेथे त्याचे काय होते? कोठे जागेसाठी देणगी मागितली जाते, कोठे विनाअनुदानित तुकडीवर सही एका आकड्यावर आणि हातात रक्कम दुसरी, असा प्रकार चालतो. प्रयोगशाळेच्या कपाटाला कुलूप असते आणि किल्ली लिपिकाकडे. ‘उपकरणे फुटली तर?’ असे उत्तर मिळते. परीक्षानळ्या फुटण्यासाठीच असतात. ज्या शाळेत वर्षभरात एकही परीक्षानळी फुटली नाही, तेथे विज्ञान शिकवलेच गेले नाही, असे खुशाल समजावे. आणि त्यागाची भाषा तर संस्थाचालकाने मुळीच वापरू नये. शिक्षकाने स्वतःचा त्याग स्वतःच मोजायला सुरुवात केली, की त्याची वसुली तो मुलांकडून करतो. व्यवस्थापनाने तो गृहीत धरला, की त्याचे शोषण होते.

मग त्या तरुणाने काय करावे? राजीनाम्याआधी एक वर्ष घ्यावे. तुर्भ्याच्या किंवा दिघ्याच्या वस्तीत सायंकाळची अभ्यासिका चालते, तेथे आठवड्यातून दोन दिवस जावे. निवडलेली हुशार मुले नव्हे, जी समोर येतील ती शिकवावीत. बृहन्मुंबईच्या विज्ञान शिक्षकांची संघटना बालवैज्ञानिकांसाठी डॉ. होमी भाभांच्या नावाने स्पर्धा घेते. तिच्या तयारीसाठी जवळच्या मराठी माध्यमाच्या शाळेला हात द्यावा. मानखुर्दच्या केंद्रात जाऊन तेथील साहित्य पाहावे. वाशीहून ते एका स्थानकावर आहे. दर आठवड्याला काय फसले ते प्रयोगवहीत लिहितात तसेच लिहून काढावे. आणि ती वही वडिलांना वाचायला द्यावी. इतकी वर्षे कशाला घालवलीस, या प्रश्नाचे उत्तर तोंडी देण्यापेक्षा तिच्यात अधिक नीट सापडेल. वर्ष संपताना वहीची पाने वाढत गेलेली दिसली, तर बी.एड.च्या प्रवेश परीक्षेचा अर्ज भरावा. पाने कमी होत गेली असतील, तर त्यात लाजण्यासारखे काही नाही. प्रयोगशाळा तेथेच आहे, आणि शनिवारची अभ्यासिकाही.